चाराचं दान, तिनाचं दान: ग्रीक भांड्यांवरच्या गोष्टी वाचायच्या कशा?

दोन योद्धे समोरासमोर बसलेत. मधे एक बुटका ठोकळा, त्यावर पट मांडलेला. दोघांनीही एका हातात दोन-दोन भाले धरून खांद्याला टेकवलेत, दुसरा हात सोंगट्यांकडे गेलाय. ढाली पाठीमागे टेकवून ठेवल्यात. डावीकडच्याच्या डोक्यावर शिरस्त्राण तसंच आहे, उजवीकडच्यानं आपलं काढून ढालीवर ठेवलंय. दोघांच्याही तोंडांतून अक्षरं बाहेर पडतायत. डावा म्हणतो ‘तेसारा’, म्हणजे चार. उजवा म्हणतो ‘त्रिआ’, म्हणजे तीन. (हे ‘त्रिआ’ आपल्या ‘त्रि’चं चुलतभावंडच.) चाराचं दान पडलेला जिंकतोय, तिनाचं पडलेला हरतोय.

डोक्यांवर नावंही लिहिलीत. चाराचं दान अकिलीसचं, तिनाचं एजॅक्सचं. ट्रॉयच्या युद्धातले ग्रीकांकडचे हे सगळ्यात मोठे दोन वीर, आणि नात्यानं चुलतभाऊ.

भांडं जेमतेम दोन फूट उंच. दोन कानांचा हा घडा, ज्याला ग्रीक अँफोरा म्हणत, इ.स.पू. ५४० ते ५३० च्या दरम्यान अथेन्समध्ये घडला आणि आज व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहे. त्याच्या काठावर लिहिलंय, ‘एक्झेकियसनं मला रंगवलं आणि घडवलं.’ भांडंच बोलतं, ‘मला’ म्हणतं, ही तिथल्या कुंभारांची सहीची रीत.

आता गंमत अशी, की हा खेळाचा प्रसंग ट्रॉयच्या युद्धावरच्या होमरच्या इलियड या महाकाव्यात नाही. आज हाती असलेल्या त्या काळच्या कुठल्याच काव्यात तो सापडत नाही. तरी एक्झेकियसच्या मागोमाग तो इतक्यांनी काढला की अशी दीडशेहून अधिक भांडी आज माहीत आहेत. त्यांतल्या बऱ्याच भांड्यांवर मधे अथीना देवी उभी असते, जणू ‘उठा, तिकडे लढाई पेटलीय’ असं सांगायला आलेली.

ग्रीक भांड्यांबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर मी हीच सांगेन. ही चित्रं म्हणजे पोथीतली पानं नव्हेत. आधी कविता, मग कुंभारानं तिच्याबरहुकूम काढलेलं चित्र, असा क्रम आपण सवयीनं धरतो. प्रत्यक्षात गोष्टी लोकांच्या तोंडी होत्या. कवी त्या आपल्या पद्धतीनं सांगे, चित्रकार आपल्या. कधी दोघांचं जुळे, कधी नाही.

पुरावा हवा तर दूरिस नावाच्या चित्रकाराचा एक पेला बघा. तोही व्हॅटिकनमध्येच आहे, काळ इ.स.पू. ४८० च्या आसपासचा. सोनेरी लोकर आणायला निघालेल्या जेसनची कथा अनेकांना माहीत असते: मीडिया नावाची राजकन्या जादूच्या औषधानं राखणदार अजगराला झोपवते आणि जेसन लोकर घेऊन पळतो. दूरिसच्या पेल्यात मीडियाचा पत्ताच नाही. एक भलामोठा दातेरी जबडा आहे आणि त्यातून जेसन कमरेपर्यंत बाहेर लोंबतोय. हात खाली सुटलेले, केस ओघळलेले. मागे झाडावर लोकर टांगलेली. समोर अथीना उभी, तिच्या हातात घुबड. अजगरानं त्याला गिळलं होतं आणि आता तो ओकून टाकतोय, एवढं तर दिसतंच. पण अजगरानं जेसनला गिळल्याची ही कथा सांगणारी एकही ओळ आपल्यापर्यंत पोचलेली नाही. हा पेला फुटून हरवला असता तर अशी कथा होती हे कुणाला कळलंही नसतं.

मग नाव लिहिलेलं नसेल तर कोण कोण आहे हे ओळखायचं कसं? आपण ओळखतो तसंच. मारुती कितीही बेढब रंगवला तरी शेपूट आणि गदा दिसली की लहान पोरही हात जोडतं. ग्रीकांचंही तेच. अंगावर सिंहाचं कातडं, सिंहाचा जबडा टोपीसारखा डोक्यावर आणि हातात सोटा असेल तर तो हेराक्लीस, रोमन लोकांचा हर्क्युलिस. पंखांचे बूट, प्रवाशाची रुंद टोपी आणि सर्पांच्या वेटोळ्यांची काठी हे देवांचा दूत हर्मीस. आयव्हीच्या पानांची माळ आणि हातात उंच कानांचा पेला असेल तर तो मद्याचा देव डायोनायसस. शिरस्त्राण घातलेली, छातीवर सापांची झालर असलेली बाई ही अथीना. बैलाच्या डोक्याच्या माणसाला तलवार खुपसणारा तरुण थीसियस.

काही प्रसंग तर मांडणीवरूनच ओळखू येतात. मला सगळ्यात आवडतो तो राजा युरिस्थिअसचा. यानं हेराक्लीसला एकाहून एक अशक्य कामं सांगितली, आणि हेराक्लीसनं ती करून दाखवली की घाबरून स्वतः रांजणात लपायचा. भांड्यांवर हेराक्लीस भलं रानडुक्कर खांद्यावर उचलून रांजणाच्या तोंडाशी आलाय, आणि आतून फक्त राजाचं डोकं आणि वर केलेले दोन हात दिसतात. लूव्रमध्ये एक पाण्याची घागर आहे, त्यावर डुकराऐवजी यमलोकाच्या दारावरचा तीन डोक्यांचा कुत्रा आहे, तिन्ही डोकी वेगवेगळ्या रंगांची, अंगावर जागोजागी साप वळवळणारे. रांजणातल्या राजेसाहेबांची पार गाळण उडालीय. हे चित्र काढणारा माणूस काढता काढता स्वतःशी हसला असणार, असं मला तरी ठामपणे वाटतं.

वाचताना आणखी एक अडचण येते, ती काळाची. गोष्ट पुढे सरकते, चित्र जागेवर थांबतं. मग चित्रकारानं करायचं काय?

यावरचा एक जुना उपाय आपल्याला आज विचित्र वाटतो. स्पार्टाच्या मुलखात इ.स.पू. सहाव्या शतकात बनलेला एक पेला आज पॅरिसमध्ये आहे. त्यावर एकडोळ्या राक्षस पॉलिफेमस बसलाय. गोष्ट अशी: त्यानं ट्रॉयहून घरी परतणाऱ्या ग्रीक वीर ओडिसियसच्या सोबत्यांना दोन-दोन करून खाल्लं, मग ओडिसियसनं त्याला दारू पाजून झिंगवलं आणि शेवटी टोकदार लाकडानं त्याचा डोळा फोडला. तीन वेगळे प्रसंग, मधे तासन् तास गेलेले. पेल्यावर मात्र तिन्ही एकदमच चाललेत. राक्षसाच्या दोन्ही हातांत खाल्लेल्या माणसाचे पाय आहेत. पहिला माणूस त्याच्यापुढे दारूचा पेला धरतोय. आणि त्याच माणसानं बाकीच्यांबरोबर खांद्यावर लांबलचक लाकूड घेतलंय, ज्याचं टोक राक्षसाच्या डोळ्याला भिडलंय. हातांत पाय असताना तो पेला घेणार कसा, असं विचारायचं नाही. चित्रकार क्षण दाखवत नाही, अख्खी गोष्ट एका दमात सांगतोय.

एक्झेकियसची वाट उलटी. तो गोष्टीतून एकच क्षण उचलतो, आणि तोही बहुतेकदा ज्यात काही घडत नाही असा. सोंगट्या खेळणारे दोघं बघा. लढाई नाही, रक्त नाही. पण बघणाऱ्या प्रत्येक अथेन्सवासीयाला पुढचं ठाऊक होतं. अकिलीस ट्रॉयमध्ये मरणार, एजॅक्सही मरणार. अकिलीसला इथे चाराचं दान आहे, एजॅक्सला तिनाचं, आणि एजॅक्सचं दान पुढेही कमीच पडत जाणार.

जरा भट्टीकडे जाऊ, कारण तिथे खरी करामत आहे. काळ्या आणि तांबूस अशा दोन रंगांत ही भांडी असतात, आणि बघणाऱ्याला वाटतं काळा रंग फासला असेल. तसा काळा रंग त्यांच्याकडे नव्हताच. अथेन्सच्या आसपासच्या मातीत लोह भरपूर, म्हणून ती भाजल्यावर नारिंगी-तांबूस होते. तीच माती पाण्यात कालवायची, जड कण तळाला बसू द्यायचे, वरची निवळ काढायची, पुन्हा तेच. शेवटी साईसारखी तलम चिकणमाती उरते. चित्र काढायचं ते या निवळीनं. म्हणजे मातीवर मातीचंच चित्र. काढताना ते अंगापेक्षा किंचित वेगळं दिसे, एवढंच.

मग भट्टी. एकाच भाजणीत तीन टप्पे. आधी हवा मोकळी ठेवून आच चढवायची, तेव्हा भांडं आणि चित्र दोन्ही तांबडं होतं. आच ९०० अंशांच्या आसपास गेली की हवेची भोकं बुजवायची आणि ओला लाकूडफाटा घालायचा. आत धूर कोंडतो, प्राणवायू उरत नाही, म्हणून आग मातीतल्या लोहाकडूनच तो ओढून घेते आणि सगळं भांडं काळंठिक्कर पडतं. याच वेळी निवळीचे बारीक कण एकमेकांत वितळून काचेसारखा घट्ट थर होतो. तिसऱ्या टप्प्यात भोकं पुन्हा उघडायची. भांड्याचं अंग सच्छिद्र, ते हवा पिऊन परत तांबडं होतं. निवळीचा थर मात्र मिटलेला, त्यात हवा शिरत नाही, म्हणून तो काळाच राहतो. हवा आणि धुराचा असाच खेळ आपल्याकडे विदर्भातल्या महापाषाणकालीन काळ्या-तांबड्या खापरांतही दिसतो, फक्त तिथे चित्रांची अशी बारीक कारागिरी नाही. भोकं उघडायला थोडा उशीर झाला किंवा एखाद्या घड्याला दुसरा चिकटून बसला, की अर्ध्या योद्ध्याचा रंग बिघडायचा. असे डागाळलेले नग आजही संग्रहालयांत दिसतात.

सुरुवातीच्या पद्धतीत आकृत्या काळ्या आणि पार्श्वभूमी तांबडी असे. डोळे, दाढी, कपड्यावरची नक्षी हे सगळं वाळलेल्या निवळीवर अणकुचीदार हत्यारानं कोरायचं. बाईची कातडी दाखवायला वर पांढरा हात द्यायचा. एक्झेकियस याच पद्धतीचा उस्ताद. त्याच्या अकिलीसचा झगा जवळून बघितला की पैठणीच्या पदरासारखी नक्षी दिसते, आणि ती सगळी कोरलेली.

इ.स.पू. ५२० च्या जरा आधी अथेन्समधल्या कुणीतरी हे उलटं केलं. आकृती तांबडी मोकळी सोडायची, भोवतालचं काळं करायचं. आता कोरायची गरज उरली नाही, ब्रशानं रेघ काढता येऊ लागली. रेघ वळते, जाड-बारीक होते. त्यामुळे स्नायू, पापण्या, पाठमोरी वळलेली माणसं सगळं एकदम जमू लागलं. एकाच भांड्याच्या एका बाजूला जुनी पद्धत आणि दुसऱ्या बाजूला नवी, असे दुभाषी नगही आहेत. अथेन्सच्या कुंभारवाड्यात तेव्हा चुरस किती होती हे युथिमिडीस नावाच्या चित्रकारानं आपल्या भांड्यावर लिहून ठेवलंय: ‘युफ्रोनिओसला हे कधीच जमलं नसतं!’ (त्या वस्तीचं नाव केरामेइकोस. ‘सिरॅमिक’ हा शब्द त्याच घराण्यातला.)

ज्याला हा टोमणा बसला तो युफ्रोनिओस काही साधा गडी नव्हता. इ.स.पू. ५१५ च्या सुमाराचं त्याचं एक मोठं भांडं आहे. मद्यात पाणी मिसळण्याच्या अशा भांड्याला क्रेटर म्हणत. ज्वालामुखीच्या तोंडाला आपण म्हणतो तो शब्द इथूनच आला. त्यावर देवराज झ्यूसचा मुलगा सार्पेडॉन मरून पडलाय. धिप्पाड देह, जखमांतून रक्ताच्या धारा. झोप आणि मृत्यू हे दोन पंखवाले जुळे भाऊ त्याला अलगद उचलतायत, मायदेशी न्यायला. इलियडमध्ये हे काम अपोलोच्या देखरेखीखाली होतं. युफ्रोनिओसनं अपोलोला बाजूला ठेवून मधोमध हर्मीस उभा केला. मेलेल्यांना वाट दाखवणारा देव तोच, मग इथे तोच हवा, असा हिशेब असावा. होमर काय म्हणतो याची त्यानं फिकीर केलेली नाही.

या क्रेटरची पुढची गोष्ट पुराणातली नाही, पण सांगण्यासारखी आहे. १९७१ साली इटलीतल्या चेर्वेतेरीच्या जुन्या थडग्यांतून चोरांनी तो खणून काढला. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनं तो १० लाख डॉलरना विकत घेतला. तिथे तो तीन दशकांहून जास्त काळ मिरवला, आणि इटलीनं पिच्छा पुरवल्यावर २००८ मध्ये परत गेला. आता तो चेर्वेतेरीतच आहे.

ग्रीक भांडं इटलीत कसं, हा प्रश्न पडायलाच हवा. मध्य इटलीतल्या एट्रुस्कन लोकांना अथेन्सच्या भांड्यांचं भारी वेड. जहाजं भरभरून माल जायचा, आणि मालक मेला की त्याच्या थडग्यात भांडीही ठेवली जायची. थडगी बंद राहिली म्हणून भांडी अखंड राहिली. अथेन्समध्ये मात्र वापरून फुटली, खापरं झाली. म्हणूनच अठराव्या शतकात युरोपातल्या लोकांना ही भांडी एट्रुस्कनांचीच वाटत. जोसाया वेजवूड या इंग्रज कुंभारानं १७६९ मध्ये इंग्लंडात काढलेल्या आपल्या कारखान्याला ‘एट्रुरिया’ नाव दिलं ते त्यामुळेच.

अथेन्समध्ये यांतली कितीतरी भांडी दारूच्या बैठकींसाठी होती. पुरुष कोचांवर रेलून रात्रभर पीत, गात, वाद घालत. एक्झेकियसचा एक पेला म्युनिकमध्ये आहे, उथळ आणि पसरट. त्याच्या आत डायोनायसस नावेत लवंडलाय. कथेप्रमाणे समुद्री चाच्यांनी त्याला पळवलं, तेव्हा डोलकाठीवर द्राक्षवेल उगवली आणि घाबरून पाण्यात उड्या टाकणाऱ्या चाच्यांचे डॉल्फिन झाले. पेल्यात शीड फुगलेलं आहे, वर द्राक्षांचे सात घोस, भोवती सात डॉल्फिन. चाच्यांचा मागमूस नाही. जे काही घडायचं ते घडून गेलंय. पिणारा घोटाघोटानं पेला रिकामा करी तशी मद्यातून ही नाव वर येई. बाहेरच्या बाजूला दोन मोठे डोळे रंगवलेत. पेला तोंडाला लावला की समोरच्याला पिणाऱ्याच्या चेहऱ्याऐवजी मुखवटा दिसावा, अशी ती युक्ती. हे चित्र संग्रहालयाच्या काचेआड सपाट ठेवून बघण्यात अर्धी मजा जाते.

आणि सगळ्यांत बोलघेवडं भांडं? ते फ्लॉरेन्समध्ये आहे. अलेस्सांद्रो फ्रान्स्वा नावाच्या माणसाला १८४४ मध्ये इटलीतल्या किउसीजवळच्या थडग्यात सापडलं, म्हणून फ्रान्स्वाचं भांडं. एर्गोटिमॉसनं घडवलं, क्लेइटियासनं रंगवलं, इ.स.पू. ५७० च्या सुमारास. उंची ६६ सेंटिमीटर आणि त्यावर सुमारे २७० आकृत्या, एकावर एक पट्ट्यांत. अकिलीसच्या आईबापांचं लग्न, वऱ्हाडी म्हणून रथांतून आलेले देव, रानडुकराची शिकार, सगळ्यात खाली करकोचे आणि बुटक्या माणसांची मारामारी. १२१ ठिकाणी लिहिलेलं. माणसांची नावं तर आहेतच, पण पाणवठ्यावर पळापळ होऊन घागर पडलीय तिथे ‘घागर’ असंही लिहिलंय. १९०० मध्ये तिथल्या एका पहारेकऱ्यानं रागाच्या भरात त्याच्यावर स्टूल फेकलं आणि ६३८ तुकडे झाले. ते जोडून भांडं पुन्हा उभं केलंय.

त्याच्या दोन्ही कानांवर, जिथे हात धरायचा तिथे, क्लेइटियासनं एकच चित्र दोनदा काढलंय. अकिलीस मेलाय आणि एजॅक्स त्याचं प्रेत खांद्यावर टाकून रणातून चाललाय. भांडं उचलणाऱ्याच्या मुठीत नेमकं हे ओझं येतं.

पुढची कथा अशी. अकिलीसची शस्त्रं कुणाला द्यायची यावर वाद झाला. प्रेत वाहून आणणारा एजॅक्स म्हणाला मला. पण ती मिळाली जिभेनं जिंकणाऱ्या ओडिसियसला. अपमानानं एजॅक्सचं डोकं फिरलं. शत्रू समजून त्यानं गुरंढोरं कापली, आणि भानावर आल्यावर लाजेनं जीव दिला, शत्रूपक्षाच्या हेक्टरनं एकदा भेट दिलेल्या तलवारीवर पडून. बाकीचे चित्रकार साधारणपणे त्याचं तलवारीत घुसलेलं प्रेत काढत, भोवती भांबावलेले ग्रीक.

एक्झेकियसनंही हे काढलं. तो घडा फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर, बुलोन्य-स्युर-मेर गावच्या संग्रहालयात आहे. चित्रात माणूस एकच. डावीकडे वाकलेलं ताडासारखं झाड. उजवीकडे टेकवून ठेवलेली ढाल आणि तिच्यावर शिरस्त्राण, सोंगट्यांच्या वेळी ठेवलं होतं तसंच, फक्त आता ते रिकाम्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघतंय. एजॅक्स उकिडवा बसलाय. कपाळावर कोरलेली आठी. तलवारीची मूठ त्यानं जमिनीत पुरलीय, पातं वर, आणि ती हलू नये म्हणून तळव्यानं भोवतीची माती थोपटतोय.